करूत की!

जालना जिल्ह्यात 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं मानतात, म्हणून इथं कुणी कुणाला नाही म्हणत नाही. दाराची बिजागरी निसटली म्हणून सुताराला सांगा, तो म्हणेल, "लावूत की." रविवारी अंबडला येता का म्हणून मेव्हण्याला विचारा, "जाऊत की." उसने दिलेले पैसे मागा, "देऊत की, कुठं पळून चाललो का?" पुण्याकडची माणसं 'करू' म्हणतात, आम्ही 'करूत' म्हणतो. शेवटी लागलेल्या त्या 'त'वर अख्ख्या मराठवाड्याची भाईबंदकी टिकून आहे. 'करतो' म्हटलं की करणारा एकटा सापडतो, उद्या त्याची गचांडी धरता येते. 'करूत'मध्ये तुम्ही, मी, आपण सगळेच आलो. काम झालं नाही तर निम्मा दोष विचारणाऱ्याकडे जातो. वर 'की' जोडला की विचारणारा ओशाळतो. एवढ्या साध्या कामाबद्दल आपण शंका घेतली, असं त्याचं त्यालाच वाटायला लागतं.

टाळाटाळ म्हणजे आळस असा एक गैरसमज आहे. आळशी माणूस नुसता पडून राहतो. टाळणाऱ्याला पडायला सवड नसते. कोण कुठल्या वेळेला कुठल्या रस्त्यानं जातो, कुणाचा फोन कुठल्या नंबरवरून येतो, मागच्या वेळी आपण कुणाला कुठला आजार सांगितला होता, हे सगळं त्याला तोंडपाठ ठेवावं लागतं.

आमच्या शेजारचे नाना घ्या. बदनापूर तालुक्यात चार एकर शेती, राहायला जालन्यात. बी-बियाणं, खतं, औषधं मोंढ्यातल्या एका शेठकडून उधारीवर येतात. हिशेबाचा वायदा एकच, 'माल आला की'. माल येतो, विकला जातो, पैसे लेकीच्या बाळंतपणात नाहीतर बोअरच्या मोटारीत जिरतात आणि नानांचा मोंढ्याकडचा रस्ता बंद होतो. एरवी दहा मिनिटांत घरी पोचणारा माणूस मंठा चौफुलीला वळसा घालून पाऊण तासानं येतो. पेट्रोलचा खर्च धरला तर उधारीचं व्याज कधीच फिटलं असतं, पण नाना तो हिशेबही टाळतात.

परवा शेठचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर होतो. नाना भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले.

"नाना, कुठं आहात?"

"रस्त्यातच आहे शेठ, तुमच्याकडंच निघालोय."

ओट्याला लागून रस्ता आहे, तेव्हा हे शंभर टक्के खोटं म्हणता येणार नाही. नानांनी नातवाकडे बघून भुवई उचलली. पोरगं तयारीचं. त्यानं दारातल्या मोटारसायकलचा हॉर्न दोनदा वाजवला. नाना फोनमध्ये ओरडले, "गर्दी लै आहे हो, आवाज येईना!" आणि फोन ठेवून पुढची शेंग फोडली. मी म्हणालो, "नाना, देऊन टाका ना एकदाचे." नानांनी शेंगेतला दाणा चोळला, फुंकर मारून टरफल उडवलं आणि म्हणाले, "देऊत की."

पोटाच्या बाबतीतही आमचं धोरण हेच. डॉक्टर पूर्वी 'बंद करा' म्हणायचे. तंबाखू बंद, तळकट बंद, म्हणजे बंद. हल्ली ते 'अव्हॉइड करा' म्हणतात. या क्रियापदानं पेशंटची मोठीच सोय केली आहे. 'तळकट अव्हॉइड करा' याचा अर्थ आमच्याकडे असा लावतात की घरी करायचं नाही, पण कुणी पुढ्यात ठेवलंच तर माणसाचं मन मोडायचं नाही. तरुण पिढीनं तर हे क्रियापद सहकुटुंब मराठीत आणून वसवलं आहे. 'तो मला अव्हॉइड करतोय' असं कॉलेजातली मुलगी रडवेली होऊन सांगते. तिची आई याच गोष्टीला 'तोंड चुकवतोय' म्हणायची आणि आजी 'बरं झालं' म्हणायची.

पण टाळण्याची खरी नजाकत बघायची तर सोयरिकीत. मुलगी बघून झाली, पोहे खाऊन झाले, की मुलाकडचे 'कळवतो' म्हणून उठतात. आठ दिवसांनी निरोप येतो, 'पत्रिका जमत नाही.' हुंड्याची बोलणी, मुलीची उंची, मुलाचं दुसरीकडे गुंतलेलं मन, सगळं त्या एका पत्रिकेच्या घडीत झाकलं जातं. कुणाचा अपमान नाही, कुणाशी वैर नाही. दोष सगळा मंगळाचा, आणि त्याला जाब विचारायला जायचं कुणी? 2014 साली आपलं मंगळयान तिथपर्यंत पोचलं, पण त्यानंही हा विषय काढला नाही.

या खात्यातला आजवरचा सगळ्यात मोठा पराक्रमही आमच्याच जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 सालची रामनवमी, ठोसरांच्या घरात सूर्याजीपंत आणि राणूबाईंना हा धाकटा मुलगा झाला, नाव नारायण. बारा वर्षांचा झाल्यावर आईनं लग्नाचा घोशा लावला. परंपरेनं सांगतात ती गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. पोराचं लक्षण ठीक दिसेना, तेव्हा आईनं त्याच्याकडून वचन घेतलं, की अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचं नाही. पोरानं वचन दिलं आणि अक्षरशः पाळलं. मुंडावळ्या बांधल्या, बोहल्यावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला, भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि नवरदेव मांडवातून पसार झाला. वचनभंगाचा ठपका ठेवायला कुठं जागाच नाही. आजचा एखादा वकीलसुद्धा त्या वचनाच्या शब्दरचनेपुढे हात टेकेल.

तेव्हापासून महाराष्ट्रात रोज कुठं ना कुठं 'सावधान' ऐकू येतं. आमच्याकडच्या मांडवात त्या शब्दाला नवरदेवाचा मामा अजूनही जरा सावरून उभा राहतो, असं माझं निरीक्षण आहे.

गंमत पुढेच आहे. मांडवातून पळालेल्या याच मुलानं पुढे मराठी माणसाच्या टाळाटाळीवर असा काही आसूड ओढला की त्याचे वळ अजून उतरलेले नाहीत. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. त्यात मूर्खाची लक्षणं वेगळी आणि पढतमूर्खाची वेगळी. करंट्याची लक्षणं आहेत, ऐकायला बसून न ऐकणाऱ्या श्रोत्याची आहेत. इतकंच काय, निद्रानिरूपण नावाचा आख्खा समास झोपाळू माणसाच्या जांभयांवर आणि घोरण्यावर आहे. चिंचेखाली घोंगडी टाकून दुपार काढणाऱ्या गावकऱ्यांकडे इतक्या जवळून बघणारा माणूस आमच्याच मातीतला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मग समर्थ टाळणारे की न टाळणारे? हा प्रश्न मी आमच्या कट्ट्यावर टाकला. कट्टा म्हणाला, "बघूत." त्यामुळे उत्तर मलाच शोधावं लागलं. त्यांनी एकच गोष्ट टाळली, आणि ती टाळल्यावर बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तप केलं, पुढची बारा वर्षं देश पालथा घातला, मग मठ उभे केले, मारुती बसवले, ग्रंथ लिहिला. आम्ही मांडवात मुकाट उभे राहतो आणि पुढचं सगळं टाळतो. गॅसची टाकी आणणं, सासुरवाडीला जाणं, पोराच्या शाळेतली पालकसभा.

माणसांचं हे असं, तर सरकारं मागं कशी राहतील? देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाला भारतात यायचा निर्णय घ्यायचा नव्हता. भारतात यायचं का? बघू. आत्ता नाही तर नंतर यायचं का? तेही बघू. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकारशी करार झाला. त्याचं मराठीतलं नाव इतकं चपखल आहे की ठेवणाऱ्याला दंडवत घालावा. जैसे थे करार. वर्षभराची मुदत, तोवर कुणी काही करायचं नाही. इकडे निजामाचे पाठीराखे रझाकार मात्र काही करायचं सोडत नव्हते. अखेर सप्टेंबर 1948 मध्ये भारताच्या फौजा आत आल्या, जालन्यातूनही गेल्या, आणि 17 तारखेला कारभार आटोपला. आम्ही देशापेक्षा तेरा महिने उशिरा स्वतंत्र झालो. तेव्हापासून वेळेवर पोचण्याचा आग्रह आम्हाला कुणी धरू नये.

निजाम गेला, 'जैसे थे' मात्र कपाटातच राहिलं. सरकारी कार्यालयात कामाला गेलेल्या माणसाला त्याची रूपं ठाऊक असतात. जानेवारीत साहेब दौऱ्यावर असतात, मार्चमध्ये मार्च एंड असतो, एप्रिल-मेमध्ये बदल्यांचं वारं असतं, त्यानंतर सर्व्हर डाऊन असतो आणि सर्व्हर उठून बसतो तेव्हा आचारसंहिता लागलेली असते. यावर उपाय म्हणून राज्यानं कायदाही केला. त्याचं नाव एका दमात वाचून दाखवावं: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं नाव संपायलाच इतका विलंब लागतो, ही त्यातली पहिली मौज. दुसरी अशी, की त्यात म्हटल्याप्रमाणे कुठलीही फाइल साधारणपणे एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. मुरलेल्या टेबलाला सात दिवस पुष्कळ होतात. सातव्या दिवशी 'त्रुटी आहे' असा शेरा मारून फाइल खालच्या टेबलाकडे जाते, तिथून सात दिवसांनी 'त्रुटी दूर केली' म्हणून वर येते. फाइल कुठंच थांबत नाही आणि कुठं पोचतही नाही.

पोचण्यावरून आमची रेल्वे आठवते. जालना-खामगाव रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळातली. त्या मार्गाची सर्वेक्षणं इतकी झाली की रुळांऐवजी सर्वेक्षणाचे कागदच एकापुढे एक अंथरले असते तर एव्हाना खामगाव आलं असतं. ज्यांच्या पणजोबांनी पहिली मागणी केली, त्यांची पणतवंडं आता निवेदनावर सह्या करतात. मध्यंतरी 2023 च्या डिसेंबरात जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, 2024 च्या ऑगस्टमध्ये 174 किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. आनंद आहे. पण खामगावचा विषय निघाला की स्टेशनवरचा चहावालासुद्धा गालात हसतो. 2015 साली आमच्याकडे ड्राय पोर्टचीही पायाभरणी झाली. अगदी समुद्र टाळून बंदर बांधायचं, हे धाडस जालन्यालाच सुचावं.

सगळ्यांचं सगळं टळतं असंही नाही. कर वाचवणं कायद्यात बसतं, कर चुकवणं बसत नाही, आणि या दोहोंच्या मधल्या बोळात सीए नावाचा माणूस कंदील धरून उभा असतो. जालना हे पोलादाचं गाव. सळई इथून सगळीकडे जाते. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्या लहानपणापासून कानावर आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये आयकर खात्यानं इथल्या पोलाद उद्योगातल्या काहींकडे छापे घातले. 56 कोटींच्या वर रोकड निघाली आणि ती मोजायला तेरा तास लागल्याचं छापून आलं. पण गावात चर्चा रकमेची झाली नाही, गाड्यांची झाली. अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर लग्नाचे स्टिकर होते. वऱ्हाड आलं, असं समजून कुणी मान वळवून पाहिलं नाही. वऱ्हाडाच्या गाड्यांना कोण अडवतो? खरं तर कुणीतरी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला हवं होतं. श्रावण चालू होता. चातुर्मासात कसलं आलंय लग्न? पंचांग उघडून बघणारा एखादा भटजी त्या दिवशी वेशीवर उभा असता, तर त्यानं 'सावधान' म्हटलं असतं आणि काही मंडळींची सोय झाली असती.

एवढं सगळं बघून माझं मत असं होत चाललं होतं, की टाळाटाळ हा आमच्या जिल्ह्याचा स्थायीभाव आहे आणि तिला इलाज नाही. ते मत एका मोसंबीच्या बागेत बदललं.

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे पुष्कळांना माहीत असतं. ती मोसंबी झाडावर येते कशी, हे खाणाऱ्याला सहसा माहीत नसतं. बदनापूरकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडे डिसेंबरात गेलो तर झाडं मलूल, पानं पिवळी, काही गळून खाली पडलेली. विहिरीत पाणी दिसत होतं, ठिबकच्या नळ्या जागेवर होत्या, आणि मालक बांधावर निवांत बसलेला. मला वाटलं, इथंही करूत.

"दादा, पाणी कामून देईना बागेला?"

"ताण दिलाय," तो म्हणाला. "आंबे बहार धरायचाय."

मग त्यानं मला झाडाखाली नेऊन शिकवणी घेतली. मोसंबीला बारमाही पाणी पाजत राहिलं तर झाड नुसतं पालवतं, फुलायचं नाव घेत नाही. म्हणून पाऊस सरल्यावर मुद्दाम पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर कमी दिवस, भारी असेल तर जास्त. झाड कासावीस होतं, वाढ थांबते, अन्नसाठा फांद्यांत जमा होतो. पानं अशी उतरली की समजायचं, ताण बसला. मग जानेवारीत ताण तोडायचा. तोही एकदम धो धो पाणी सोडून नाही. आधी वाळकी फांदी, म्हणजे सल, काढायची. आळ्यात खत घालायचं. पहिलं पाणी हलकं, त्याला आंबवणी म्हणायचं. काही दिवसांनी त्याहून जरा जास्त, ती चिंबवणी. मग नेहमीची पाळी. महिनाभरात झाड पांढऱ्या फुलांनी लगडतं आणि बांधावर उभं राहिलं तरी वास येतो.

"आणि ताण तोडायचा राहिला तर?" मी विचारलं.

त्यानं खिशातून पाकीटवजा डायरी काढली. पाणी बंद केल्याची तारीख लिहिली होती. तिच्या खाली ताण तोडायची तारीख, तीही आधीच लिहिलेली. "राहत नसतो," तो म्हणाला. "राहिला तर मग बहार नाही, सरपण."

सरपण त्यानं बघितलेलं होतं. 2012-13 च्या दुष्काळात पाणी त्यानं तोडलं नव्हतं, आभाळानं तोडलं होतं, आणि आभाळ डायरी ठेवत नाही. जिल्ह्यातल्या बागाच्या बागा त्या साली वाळल्या. लोकांनी टँकरनं पाणी घालून झाडं जगवायचा प्रयत्न केला, ज्यांना ते परवडलं नाही त्यांनी कुऱ्हाड लावली. पंधरा-पंधरा वर्षांची झाडं.

तेव्हा मला टाळण्याचा कायदा उमगला, आणि तो 2005 च्या कायद्यापेक्षा आटोपशीर आहे. टाळायला हरकत नाही. टाळल्याशिवाय काही गोष्टींना बहरच येत नाही. मांडव टाळला म्हणून दासबोध झाला, पाणी टाळलं म्हणून मोसंबी झाली. फक्त पुढची तारीख आधी लिहून ठेवावी आणि त्या दिवशी आंबवणी घालावी, थोडी का होईना. फाइलीत, रेल्वेत, सोयरिकीत आम्ही ताण मन लावून देतो, तो तोडायची तारीख तेवढी कुणाच्या डायरीत नसते. खामगावच्या रेल्वेला तर शंभरावर वर्षं ताणावर ठेवलंय. एवढ्या ताणात बाभूळसुद्धा फुलत नाही.

हा विचार मला इतका आवडला की गावात आल्या आल्या मी नानांना गाठलं आणि ओट्यावर बसून तासभर समजावलं. शेठला चुकवायचं तर बिनधास्त चुकवा, पण तारीख देऊन चुकवा. माणसाला तारीख मिळाली की तोही निवांत, तुम्हीही निवांत, पेट्रोल वाचतं ते निराळंच. नाना मन लावून ऐकत होते. शेतीतला दाखला असल्यानं त्यांना तो पटलाही. माझ्या देखत त्यांनी शेठला स्वतःहून फोन लावला. नातू हॉर्नपाशी धावला, तर त्याला डोळ्यानं दटावलं.

"शेठ, ऐका. उगंच तुम्हाला तंगवायचं नाही. तारीख देऊन टाकतो."

पलीकडे शेठ बहुधा खुर्चीतून उठून उभे राहिले असावेत. बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "कधीची?"

"मृग बहार," नाना म्हणाले. "पाऊस वेळेवर पडला तर."